पाइपाभोवतीची फट

सप्टेंबर सरत आला, की झूराकान माळ्यावरून पत्र्याचा डबा काढायची. डब्यात तिची थापी, दोन पातळ पोलादी पट्ट्या, रबराची वाटी, हातदिवा आणि पॉलिश पेपरचे तुकडे असायचे. बिश्केकच्या आठव्या वस्तीतल्या त्या पाचमजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिचं घर होतं. घरात तीन उभे पाइप होते. स्वयंपाकघरात एक, मोठ्या खोलीत एक आणि आतल्या खोलीत एक. खालच्या घरातून जमीन फोडून ते वर यायचे, रेडिएटरला पाणी द्यायचे आणि छत फोडून वरच्या घरात जायचे. जिथे जिथे पाइप जमिनीतून किंवा छतातून जाई, तिथे तिथे त्याच्याभोवती फट पडलेली असे. दर हिवाळ्यात ती पडायची आणि दर शरदात झूराकान ती बुजवायची. नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, "लोक लोणची घालतात, आमची बायको भोकं बुजवते." तो जाऊनही आता आठ वर्षं झाली होती.

या कामाचा तिला कंटाळा कधी आला नाही. तीस वर्षं तिने बांधकाम खात्यात गिलाव्याचं काम केलं होतं. निम्म्या आठव्या वस्तीच्या भिंतींवरून तिचा हात फिरला होता. फटीत पोत्याचं फडकं कोंबायचं, वर पीओपी भरायचं, पट्टीने लांबी, म्हणजे पुट्टी, फिरवायची, वाळली की घासायची आणि मग पांढरा रंग द्यायचा. पाइप जसा काही छतातूनच उगवलाय असं दिसायला हवं, कुठे सांधा म्हणून दिसता कामा नये. काम झालं की ती दिवा भिंतीला टेकवून तिरपा धरायची आणि एक डोळा मिटून बघायची. तिरप्या उजेडात खोट लपत नाही, असं तिचं म्हणणं.

यंदा मात्र घाई होती, आतल्या खोलीत नवं कपाट यायचं होतं. ऑगस्टमध्ये तिच्या मुलाचं, मिर्लानचं लग्न झालं होतं आणि नारिनच्या डोंगरातून आयझिरेक सून होऊन आली होती. पोरगी वाईट म्हणण्याजोगी अजिबात नव्हती. सगळ्यांच्या आधी उठायची, डोक्याला रुमाल बांधून चहा ओतायची, पाहुणा आला की वाकून नमस्कार करायची. पण बोलायची म्हणून नाही. "हो आपा," "नाही आपा," "आणते आपा," एवढ्या तीन वाक्यांत तिचे दोन महिने गेले होते. सासूला ती आपा म्हणे, म्हणजे आईच. पण त्या आपामागे तिच्या मनात काय चाललंय याचा झूराकानला काही केल्या थांग लागत नव्हता.

"घुमी आहे का गं तुझी सून?" खालच्या मजल्यावरच्या लिदियाने एकदा विचारलंच. लिदिया पेत्रोव्हना सत्तरीची रशियन बाई. दोघी चाळीस वर्षांच्या शेजारणी, त्यामुळे आडपडदा नव्हता.

"घुमी कशाने? नवी आहे."

"मी नवी होते तेव्हा सासूशी पहिल्याच आठवड्यात भांडले होते."

"म्हणूनच तुझी सासू लवकर गेली," झूराकान म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तर त्या शरदात झूराकानने स्वयंपाकघर आणि मोठी खोली संपवली. आयझिरेक वाटी धुऊन द्यायची, फडकं पिळून द्यायची आणि बाजूला उभी राहून सासूच्या मनगटाकडे बघायची. एकदोनदा तिने तोंड उघडल्यासारखं केलं.

"काय गं?"

"काही नाही आपा."

राहिली होती फक्त आतली, नव्या जोडप्याची खोली. तेवढ्यात कोचकोरहून बहिणीचा फोन आला. तिच्या नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ होता. झूराकानने पिशवी भरली. "आतल्या खोलीचं मी येऊन बघते," असं सांगून ती चार दिवसांसाठी निघून गेली.

ती परतली तेव्हा आतल्या खोलीत नवं कपाट उभं होतं. मिर्लानने मागवलेलं कपाट ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी आलं होतं, आणि आणणाऱ्या माणसांनी ते कोपऱ्यात, पाइपाला जवळजवळ खेटून लावून दिलं होतं. आता तिथे हात घालून काम करणं शक्य नव्हतं. झूराकानच्या कपाळाला आठी पडणार एवढ्यात तिची नजर वर गेली. पाइपाभोवतीची फट बुजलेली होती. खाली वाकून पाहिलं, तर जमिनीजवळचीही बुजलेली.

"हे कुणी केलं?"

आयझिरेकने मान खाली घातली. मिर्लानने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि म्हणाला, "मी."

"तू?"

"मग? कपाट यायचं होतं. म्हटलं, उरकून टाकू."

मिर्लान शाळेत भूगोल शिकवायचा. जगातल्या सगळ्या नद्या त्याला तोंडपाठ होत्या, पण भिंतीत खिळा ठोकायचा तर खिळा वाकडा व्हायचा आणि अंगठा काळानिळा. झूराकानने डबा उघडून दिवा काढला आणि तिरपा धरला. पृष्ठभागावर किंचित लाट होती. लांबी फिरवताना मनगट जरा कडक धरलं होतं. पाइपाला लागून पांढऱ्या सिलिकॉनची एक बारीक कड होती. ती तिला थोडी अनावश्यक वाटली. पण पहिल्यांदा करणाऱ्याच्या मानाने काम नुसतं बरं नव्हतं, चांगलंच होतं.

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पस्तीस वर्षांचा होईपर्यंत पोराच्या हातात काही नाही म्हणून ती मनातल्या मनात खंतावत आली होती. आणि आता हे!

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या दारापुढच्या बाकावर बसून तिने सगळ्यांना सांगितलं. "माझ्या मिर्लानने केलं. मी घरात नसताना, न सांगता. रक्तातच असतं हो ते."

"मिर्लानने?" लिदियाने सूर्यफुलाच्या बियांचं टरफल थुंकून विचारलं. "ज्याने माझ्या दाराची घंटा दुरुस्त केली आणि मग ती तीन दिवस बंदच होईना, त्या मिर्लानने?"

"तेव्हा लहान होता."

"अगं, मागच्या वर्षीची गोष्ट!"

पण झूराकानला आता कोण अडवणार! मिर्लान कामावरून आला की ती त्याच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढायची. तो खाली मान घालून खायचा, आणि आयझिरेक चहाची किटली घेऊन उगाचच स्वयंपाकघरात निघून जायची.

नोव्हेंबर लागला आणि पाइपांत गरम पाणी सोडलं. पहिल्या रात्री पाइप नेहमीप्रमाणे कुरकुरले, टकटकले. दोन दिवसांत घर ऊबदार झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता झूराकानने वर बघितलं. स्वयंपाकघरातल्या पाइपाभोवती छताला केसाएवढी काळी रेघ गोल फिरून आली होती.

यात नवं काही नव्हतं. दरवर्षी असंच व्हायचं. "पॅनेलची घरं हलतात," असं ती म्हणायची, आणि तिच्याबरोबर काम केलेल्या सगळ्याच म्हणायच्या. मोठ्या खोलीत जाऊन पाहिलं, तिथेही रेघ. खाली जमिनीजवळ तर पीओपीची एक कपची सुटून पडली होती. तिने कपची उचलून खिशात टाकली आणि सहज आतल्या खोलीत डोकावली.

तिथे रेघ नव्हती.

तिने चष्मा लावला. खुर्चीवर चढली. दिवा तिरपा धरला. बोटाच्या नखाने कड दाबून पाहिली, तर कड किंचित दबली आणि परत वर आली. पाइप तर हात लावता येऊ नये इतका तापलेला. घर तेच, पाइप तसाच, हलणंही तेच. मग इथे का नाही?

"मिर्लान," त्या संध्याकाळी तिने विचारलं, "तू आत काय भरलंस रे?"

"कशात?"

"पाइपाच्या फटीत."

मिर्लानने घास गिळला. "तेच. जे तू भरतेस तेच."

"मग माझं फुटलं आणि तुझं का नाही फुटलं?"

"नशीब," मिर्लान म्हणाला आणि शाळेच्या वह्या तपासायच्यात म्हणून उठून गेला.

झूराकानला हे काही पटलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी लिदियाकडे बोलता बोलता विषय काढला, आणि लिदिया तर अशा गोष्टीची वाटच बघत होती. तिच्याकडेही फटी पडल्या होत्या. तिच्याही खालच्या मजल्यावरचा माणूस मासे तळायचा आणि वास सगळा तिच्या झोपायच्या खोलीत यायचा.

"मग शनिवारी पाठव त्याला," लिदिया म्हणाली. "एवढा कारागीर घरात आहे, तर म्हाताऱ्या शेजारणीच्या उपयोगी पडू दे. मी बटाट्याच्या कचोऱ्या करते."

मिर्लानला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "शनिवारी मला शाळेत काम आहे."

"मी शाळेत फोन करून विचारू?" आई म्हणाली.

"नको," मिर्लान म्हणाला.

शनिवारी सकाळी चौघंजण लिदियाच्या झोपायच्या खोलीत जमली. झूराकान पलंगाच्या कडेला हाताची घडी घालून बसली. पोराची करामत तिला डोळ्यांनी बघायची होती. आयझिरेक डबा धरून दाराशी उभी राहिली. लिदियाने जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली होती. मिर्लानने बाह्या सरसावल्या. सरसावल्या म्हणजे एवढ्या हळूहळू, की बाह्या सरसावण्यातच दुपार व्हावी असा त्याचा बेत असावा.

मग त्याने वाटीत पीओपीची भुकटी ओतली आणि वरून पाणी ओतलं.

झूराकानच्या भुवया वर गेल्या. पाण्यात भुकटी सोडायची असते, भुकटीवर पाणी नाही. पण ती गप्प बसली. प्रत्येकाची एक रीत असते.

मिर्लान ढवळू लागला. गुठळ्या झाल्या. त्या मोडायला तो आणखी ढवळू लागला. "आधी फडकं नाही का कोंबायचं?" लिदियाने विचारलं. "आत्ता कोंबतो," म्हणून त्याने पट्टी वाटीतच ठेवली आणि फडकं शोधू लागला. फडकं मिळालं, तापलेल्या पाइपाला त्याचा हात लागला, तो "आई गं!" करून बोट तोंडात घालून उभा राहिला. वाटीकडे वळला तेव्हा पट्टी वाटीत सरळ उभी होती. त्याने ती उचलली, तर तिच्याबरोबर वाटीही उचलली गेली.

घट्ट झालेली वाटी पट्टीला लटकत राहिली.

"झूरा," लिदिया म्हणाली, "रक्तातच असतं ना गं ते?"

मिर्लानने दुसऱ्यांदा भुकटी ओतायला घेतली तेव्हा दारातून बारीक आवाज आला, "आधी पाणी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आयझिरेकचे कान लाल झाले होते.

"आधी पाणी घ्या, मग भुकटी सोडा," ती म्हणाली. "आणि... आधी पाइपाचं बघावं लागतं. पीओपी नंतर." मग तिला राहवेना. ती पुढे आली, नवऱ्याच्या हातातून वाटी घेतली आणि खाली बसली. मिर्लान इतक्या चटकन बाजूला झाला की त्याचा जीव भांड्यात पडल्याचं कुणालाही कळलं असतं.

आयझिरेकने ॲप्रनच्या खिशातून नमद्याची एक पट्टी काढली. दोन बोटं रुंद, दाबून घट्ट केलेल्या करड्या लोकरीची. नारिनकडे घरोघरी नमद्याचे गालिचे शिवतात, त्यातलाच उरलेला तुकडा होता तो. ओलं फडकं हाताला गुंडाळून तिने तापल्या पाइपाभोवती पट्टीचे दोन वेढे घातले, वर सुतळी बांधली आणि वेढा चाकूच्या टोकाने फटीत खाली ढकलला. मग पाण्यात भुकटी सोडली, चार वेळा ढवळली आणि नमद्याच्या बाहेरची जागा भरून काढली. पीओपी नमद्याला टेकलं, पाइपाला कुठेच नाही. नमद्याच्या वरच्या बाजूला नखाएवढी खाच ठेवली. त्या खाचेत डब्यात आणलेल्या नळीच्या बंदुकीने पांढरं सिलिकॉन सोडलं आणि साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकाच फेऱ्यात गुळगुळीत केलं. हे सगळं इतक्या झटपट झालं, की लिदियाच्या कचोऱ्यांना गार व्हायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

झूराकान पलंगावरून उठली नव्हती. तिचे डोळे मात्र सुनेच्या बोटांवरून हलले नव्हते.

"कपाटामागचंही तूच केलंस," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"हो आपा."

"मग हा कशाला 'मी' म्हणाला?"

"मीच सांगितलं यांना," आयझिरेक खाली बघत म्हणाली. "तुम्ही एवढ्या मोठ्या कारागीर. नव्या सुनेने तुमच्या कामात हात घातला असं वाटलं असतं. आणि वेगळ्या रीतीने केलं होतं."

"आणि तू," झूराकान पोराकडे वळली, "महिनाभर माझ्या हातचं मांस खाल्लंस!"

"तू वाढत होतीस," मिर्लान म्हणाला.

लिदिया हसता हसता पलंगावर बसली आणि डोळे पुसू लागली. झूराकान मात्र हसली नाही. तिने डबा आवरला, लिदियाला "येते" म्हटलं आणि जिना चढून वर गेली.

स्वयंपाकघरात ती एकटीच बसून राहिली. समोर छतावर ती काळी रेघ होती. तीस वर्षं, तिच्या मनात आलं. तीस वर्षांत किती पाइप आपण बुजवले असतील? पोराने खोटं सांगितलं याचा राग लगेच ओसरला होता. त्याचा स्वभाव तिला माहीत होता. डाचत होतं ते दुसरंच. काल आलेल्या पोरीला जे कळलं, ते आपल्याला का कळलं नाही?

मग तिला तपासणीचे साहेब आठवले. इमारत पुरी झाली की ते यायचे, नेहमी उन्हाळ्यात, जुलैमध्ये. पाइप गार असायचे. भिंती बघायचे, छत बघायचे, "झूराकानचं काम म्हणजे आरसा" म्हणायचे आणि सह्या करायचे. टोळी दुसऱ्या इमारतीवर जायची. हिवाळ्यात त्या घरांत काय झालं ते बघायला कोणी परत गेलं होतं? लोकांना नवीन घर मिळालं होतं, तेच खूप होतं. फट पडली तर पडली. आणि आपल्या घरात पडली, तर आपण म्हणालो, घर हलतं.

दारात चाहूल लागली. आयझिरेक उभी होती.

"आत ये. बस."

आयझिरेक किटलीकडे वळली.

"किटली राहू दे. बस म्हटलं ना! मला सांग, ते का फुटत नाही?"

आयझिरेक खुर्चीच्या कडेवर टेकली. "पाइप तापला की लांब होतो, आपा. वर-खाली सरकतो. फार नाही, थोडासाच. पीओपी त्याला घट्ट धरून बसतं, सरकू देत नाही, मग तेच तुटतं. नमदा मऊ असतो. पाइप आतल्या आत सरकतो आणि बाहेर कुणाला कळत नाही."

"घर हलत नाही म्हणजे."

"घर नाही हलत. पाइप हलतो."

झूराकानने एक लांब श्वास सोडला. "कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. ते गावच्या बॉयलरवर कामाला होते ना, चोवीस वर्षं. आमच्याकडे उणे तीस होतं. फट राहिली तर रात्रभर घरात वारा शिरतो. त्यांची कंबर धरायची, वाकता यायचं नाही, मग मीच करायचे."

"मी काम करत होते तेव्हा तू दोनदा तोंड उघडलंस आणि मिटलंस."

"तीनदा," आयझिरेक म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "तिसऱ्यांदा तुम्ही बघितलं नाहीत."

झूराकानला हसू आवरेना. हसली तशी मनातली अढी कुठल्या कुठे गेली. "फोन आण," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांना लाव."

नारिनला फोन लागला. व्याही एसेन मोठ्याने बोलणारा माणूस होता. डोंगरात आवाज पोचवायची सवय फोनवरही सुटली नव्हती.

"विहीणबाई! काय झालं? पोरीने काही केलं का?"

"केलं. माझी तीस वर्षांची अब्रू घालवली."

"म्हणजे?"

"पाइपाभोवती नमदा गुंडाळलाय तिने. आणि तो फुटत नाही."

एसेन इतक्या जोरात हसला की झूराकानने फोन कानापासून लांब धरला. "अहो, आमच्याकडे तेव्हा दुसरं काही मिळायचंच नाही! बायकोने गालिचा शिवताना कातरण टाकलं, मी उचललं. त्यात कसली हुशारी?"

"व्याहीबुवा, पोरगी देताना घोडा दिलात, गालिचे दिलेत, गोधड्या दिल्यात. हे का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आणखी काय मागितलं असतंत कुणास ठाऊक!"

"पण तिची लांबी लाटालाटांची होते," झूराकान म्हणाली. "भिंत म्हणजे काय इसिक-कुल सरोवर आहे?"

"ते तुम्ही बघा. मी बॉयलरचा माणूस. वारा आला नाही की माझं काम झालं. सुंदर दिसायचं शहरातल्या लोकांना लागतं."

आयझिरेक शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती आणि रुमालाच्या टोकाने तोंड झाकत होती.

रविवारी सासूसुनेने स्वयंपाकघरातल्या छताजवळचं जुनं भरण काढायला घेतलं. झूराकानने स्वतःच्या हाताने स्वतःचं काम छिन्नीने फोडलं. पहिल्या घावाला मन जरा आखडलं, पण एकदा कपच्या पडू लागल्या तसा हात मोकळा झाला. आत पोत्याचं फडकं निघालं, जळून तपकिरी झालेलं. त्याखाली मागच्या वर्षीचं पीओपी, त्याखाली त्याच्या मागच्या वर्षीचं. आयझिरेकने स्टुलावर चढून नमदा गुंडाळला आणि भरण केलं. लांबीची वेळ आली तसं झूराकानने तिला खाली उतरवलं नाही. दुसरं स्टूल ओढून स्वतः शेजारी चढली आणि सुनेच्या मनगटाला हात लावला.

"हे असं ताठ का धरतेस? कुणाला मारायचंय का? सैल सोड. पट्टी तू नाही चालवायची. तिची ती चालते, तू फक्त सोबत जायचं."

"अशी?"

"अशी. आता उचलू नको. उचललीस की ओरखडा. पार पलीकडे जाऊन उचल... हां."

"आपा, तुम्ही माझ्या पायावर उभ्या आहात."

"मग आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही बोलत होतात."

मिर्लान दारात येऊन बघत होता. "मी काही करू?"

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या. मग झूराकानला दया आली. "भुकटी पाण्यात टाकायची एवढं लक्षात ठेव. आणि आज भात तू शिजव."

लांबी वाळायला दुपार लागली. मग घासणं, मग रंग. अंधार पडायच्या आधी झूराकानने दिवा सुनेच्या हातात दिला. "धर तिरपा. बघ आणि सांग मला."

आयझिरेकने दिवा धरला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिली. "उजव्या बाजूला," ती म्हणाली, "बोटभर जागेत जरा खोल गेलंय."

"कुणी केलं ते?"

"तुम्ही, आपा."

झूराकानने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खरंच खोल गेलं होतं. मनगट धरून दाखवताना पट्टी तिनेच दाबली होती. "चालायचंच," ती म्हणाली. "उद्या भरू."

"आता भरूया ना, हात ओलेच आहेत," आयझिरेक म्हणाली आणि परवानगीची वाट न बघता स्टुलावर चढली.

त्या हिवाळ्यात दोघींनी मोठी खोली केली, लिदियाच्या उरलेल्या दोन खोल्या केल्या, आणि लिदियाने बाकावर सांगितल्यामुळे दुसऱ्या जिन्यातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांचंही घर केलं. मास्तरांनी दोघींना मधाचा चहा पाजला आणि जुन्या नकाशांची पेटी उघडून दाखवली. जानेवारीत उणे बावीस झालं, पाइप तडतडले, पण छत जसंच्या तसं राहिलं. लिदियाच्या खोलीत माशांचा वास यायचा बंद झाला, तशी ती तक्रार करू लागली की आता खालच्याने काय शिजवलंय ते कळतच नाही.

घरी जेवताना आता आयझिरेक सगळ्यांबरोबर बसू लागली. चहा ती ओतायची, पण ओतता ओतता बोलायची. नारिनच्या बॉयलरच्या गोष्टी, बहिणींच्या गोष्टी, वडिलांनी एकदा दाढी पाइपाला चिकटवून घेतली ती गोष्ट. झूराकानला कधीकधी वाटायचं, जरा कमी बोलली तरी चालेल. तसं ती एकदा म्हणालीसुद्धा.

"दोन महिने साठलेलं आहे, आपा," आयझिरेक म्हणाली आणि तिच्या पेल्यात आणखी चहा ओतला.